पन्नाशीतली फियाट: वेगाची हौस आणि आरसी बुकातली नोंद

अंधेरी स्थानकाकडून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबिवली येथे प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. 'एमएच ०२' या क्रमांकाच्या गाड्यांचे कागद इथलेच. नव्या गाड्यांच्या गर्दीत अधूनमधून एखादी जुनी फियाट किंवा प्रीमिअर पद्मिनी या कार्यालयात येते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण करून घ्यावे लागते. या जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे आता एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तर तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी मान्यता मिळू शकते. मात्र त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. वर्षानुवर्षे हौसेने इंजिन 'बनवलेल्या', कार्बोरेटर बदललेल्या, जमिनीलगत बसवलेल्या गाडीचे काय करायचे? आणि ज्याला आता आपल्या गाडीत थोडी चपळाई आणायची आहे, त्याने हात कुठवर घालायचा?

फियाटच्या संदर्भात 'स्पोर्ट्स कार' हा शब्द ऐकून अनेकांना हसू येईल. चार दारांची, पाच माणसे कोंबून लोणावळ्याच्या घाटात उकळणारी, टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरलेली ही गाडी. पण तिच्या इंजिनाचा इतिहास पाहिला तर हसू ओसरते.

टॅक्सीच्या बॉनेटखालचे कूळ

फियाटने १९३७ मध्ये '५०८ सी' या मोटारीसाठी एक चार सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. एकूण घनफळ १,०८९ सीसी. व्हॉल्व्ह डोक्यावर आणि त्यांना ढकलणाऱ्या काठ्या बाजूने, ही त्याची रचना. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये पुढे अनेक दशके जे इंजिन फियाट ११०० आणि पद्मिनीत बसवले गेले, ते याच कुळातले आणि याच मापाचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा नव्हता आणि सुटे भागही नव्हते. पण शर्यतीची भूक होती. पिएरो दुसिओ या उद्योजकाच्या चिसितालिया कंपनीने हेच फियाटचे इंजिन घेऊन हलक्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. १९४७ च्या 'मिल्ले मिलिया' या रस्त्यावरील शर्यतीत ताझिओ नुवोलारी याने अशी छोटी उघडी चिसितालिया चालवून कितीतरी मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओपाठोपाठ दुसरा क्रमांक पटकावला. त्याच कंपनीच्या '२०२' या बंद मोटारीला पिनिन फारिनाने दिलेला देह इतका देखणा होता की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात तिला स्थान दिले. फ्रान्समध्ये आमेदे गोर्दिनी याने फियाटच्या परवान्यावर बनणाऱ्या सिमका गाड्यांवर हात चालवून नाव कमावले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'फॉर्म्युला ज्युनिअर' शर्यती सुरू झाल्या, तेव्हा मोदेनाच्या स्तांग्वेल्लिनीने एकआसनी गाडीत पुन्हा हेच १,०८९ सीसीचे इंजिन घातले आणि त्यातून मूळ ताकदीच्या दुपटीच्या आसपास शक्ती काढली.

भारतात परदेशी स्पोर्ट्स कार आणणे हे आयातबंदीच्या काळात राजेरजवाड्यांना आणि मोजक्या धनिकांनाच जमणारे होते. बाकीच्यांनी जी गाडी दारात होती तिलाच धावायला शिकवले. मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकाळातील धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती भरत. तिथे फियाट, स्टँडर्ड हेराल्ड आणि अॅम्बेसेडर यांची झुंज हा प्रेक्षकांच्या आवडीचा भाग असे. वर्सोव्याच्या शेजारी, जुहूच्या धावपट्टीवरही एके काळी मोटारी धावल्या आहेत. शोलावरमचा काळ संपून १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टई येथे पक्के सर्किट उभे राहिले, तोवर मुंबईत 'फियाटचे इंजिन खोलणारा' मिस्त्री ही एक मान्यताप्राप्त जमात झाली होती.

वाढीव ताकद येते कुठून?

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल, तितके पेट्रोल तिच्यासोबत जाळता येईल. जितक्या वेळा मिनिटाला जाळता येईल, तितकी अश्वशक्ती अधिक. ट्यूनिंगची सारी विद्या या दोन वाक्यांत येते. अडचणी मात्र तिसऱ्या वाक्यापासून सुरू होतात.

पद्मिनीचे इंजिन कारखान्यातून निघताना चाळीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद देई. एकच छोटा कार्बोरेटर, ओतीव लोखंडाचा आखूड एक्झॉस्ट आणि मवाळ कॅमशाफ्ट. हे सारे मुद्दाम तसे ठेवले होते. देशातील पेट्रोल हलक्या ऑक्टेनचे होते, गाडी ओझे घेऊन घाट चढणार होती आणि तिची देखभाल कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला जमायला हवी होती.

कॉम्प्रेशन रेशोचे उदाहरण घेऊ. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा आणि तो वर आल्यावर उरणारी जागा यांचे हे गुणोत्तर. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ सीसी. गुणोत्तर साडेसातास एक असेल, तर वर उरणारी जागा जवळपास ४२ सीसी असते. ते नवास एक करायचे तर ती जागा ३४ सीसीवर आणावी लागते. म्हणजे फरक अवघ्या आठ सीसीचा, चहाच्या दीड चमच्याइतका. लेथवाल्याकडे हेड 'घासून' घेणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. परंतु ज्वलनकक्षाचे तोंड सिलिंडरइतकेच रुंद धरले, तरी आठ सीसी कमी करण्यासाठी हेड दोन मिलिमीटरहून अधिक घासावे लागते. अॅल्युमिनिअमच्या हेडला ते सोसेलच असे नाही. शिवाय हेड खाली आले की व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या काठ्या तुलनेने लांब ठरतात, टॅपेटचे गणित बिघडते आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांच्यातील अंतर कमी होते. म्हणूनच जाणकार थोडे हेड घासतात आणि उरलेले काम पिस्टनच्या माथ्याच्या आकारावर सोपवतात. वर्षानुवर्षांच्या 'इंजिन कामा'त हेड आधीच दोन-तीनदा घासले गेले असेल, तर आता त्याला हात न लावणेच बरे. पण तो हिशेब फार थोडे मालक ठेवतात.

कॅमशाफ्टचा मामला याहून फसवा आहे. हा दंडगोल व्हॉल्व्ह किती वेळ आणि किती उघडा राहणार ते ठरवतो. शर्यतीच्या कॅममध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होण्यापूर्वीच इनलेट उघडतो आणि काही क्षण दोन्ही उघडे राहतात. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेत असताना बाहेर जाणाऱ्या वायूच्या ओढीने ताजी हवा आत खेचली जाते आणि लाभ होतो. दीड-दोन हजार फेऱ्यांवर मात्र उलट घडते. जळालेला वायू मागे येतो, मिश्रण बिघडते, इंजिन धडधडत राहते आणि क्लच सोडताच बंद पडते. वर्सोव्याहून अंधेरी स्थानकाकडे जाणाऱ्या जयप्रकाश मार्गावर गाडीचे आयुष्य नेमके याच दीड-दोन हजार फेऱ्यांत जाते. डोक्यावरून २०१४ पासून मेट्रो ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत धावते आहे आणि खाली शर्यतीचा कॅम बसवलेली फियाट दर सिग्नलला आचके देते आहे, हे चित्र फारसे शोभादायक नाही. कागदावर दहा अश्वशक्ती वाढलेल्या गाडीतून प्रत्यक्षात चालवायची मजाच गेली, असे सांगणारे मालक बरेच भेटतात, त्याचे कारण हे.

तिसरी मर्यादा फेऱ्यांची. पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असेल, तर पाच हजार फेऱ्यांना तो सेकंदाला सरासरी साडेबारा मीटर वेगाने खालीवर होतो. साडेसात हजार फेऱ्यांना हा वेग पावणेएकोणीस मीटर होतो. वेग दीडपट झाला तरी क्रँक आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. या इंजिनाच्या क्रँकला आधार देणारी मुख्य बेअरिंग्ज फक्त तीन आहेत. इटलीतील कारागिरांनी तितके फेरे काढले ते तोललेला क्रँक, निवडक रॉड, सुधारलेला तेलपुरवठा आणि दर काही शर्यतींनंतर इंजिन पूर्ण उघडण्याची तयारी यांच्या बळावर. पन्नास वर्षे वापरलेल्या क्रँकला तेच मागणे म्हणजे ब्लॉकमधून रॉड बाहेर येण्याला निमंत्रण.

याउलट खर्चाच्या मानाने पुष्कळ देणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्यांची कुणी फुशारकी मारत नाही. हेडमधील वाटा साफ करून गॅस्केटच्या तोंडाशी नीट जुळवणे, व्हॉल्व्हच्या बैठका अचूक कोनात कापणे, सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आणणे, डिस्ट्रिब्युटरचा झिजलेला दांडा बदलणे आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे. थकलेल्या फियाटमध्ये मालकाला जी 'ट्यूनिंगची कमाल' वाटते, ती बहुतेक वेळा कारखान्यातून आलेली आणि वाटेत हरवलेली ताकदच असते.

नवे पेट्रोल, जुना कार्बोरेटर

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांच्या ट्यूनिंगमध्ये एक नवा घटक आला आहे: इथेनॉल. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभरातील पंपांवर तेच सर्वत्र मिळू लागले. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. नव्या गाडीतील संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. परिणामी इंजिनला इंधन कमी पडते, ते अधिक तापते, गाडी मागे ओढल्यासारखी चालते आणि दोष मात्र प्लगला दिला जातो.

उपाय तसा साधा आहे. मुख्य जेटचे भोक एका पायरीने मोठे करायचे. समजा शुद्ध पेट्रोलसाठी ११५ क्रमांकाचा, म्हणजे १.१५ मिलिमीटर व्यासाचा जेट असेल, तर १२० क्रमांकाचा लावल्याने भोकाचे क्षेत्रफळ सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि तूट जवळपास भरून निघते. त्याचबरोबर जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि सील बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या लागतात. जुने रबर फुगते, मऊ पडते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकू लागते. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींचा विचार करता हे काम शोभेच्या चाकांपूर्वी व्हायला हवे. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते. समुद्राकाठच्या इमारतीखाली कव्हर घालून महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्याचे काय होते, ते कार्बोरेटरचे भांडे उघडले की दिसते. तळाशी पांढरट-हिरवट साका बसलेला असतो.

गंमत अशी की याच इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे वाढलेले कॉम्प्रेशन 'नॉकिंग' न होता सोसण्याची त्याची क्षमता जास्त असते. शोलावरमच्या पिढीला ज्या इंधनासाठी खटपट करावी लागे, त्याच्या तोडीचे इंधन आज कोपऱ्यावरच्या पंपावर मिळते.

थांबणे आधी

रस्ता असो की सर्किट, कामाचा क्रम एकच असायला हवा. आधी थांबणे, मग वळणे, शेवटी पळणे. आपल्याकडे तो बरोबर उलटा चालतो.

या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गाडीचा वेग ताशी साठवरून एकशेवीस केला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते. ड्रम बंद भांड्यासारखा असल्याने ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. सर्किटवर तीन-चार फेऱ्यांनंतर पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही, कारण तापलेल्या लायनरची पकड गेलेली असते. चांगले लायनर, खरवडून गोल केलेले ड्रम, नवे सिलिंडर आणि ताजे ब्रेक ऑइल यांनी शहरातला वापर निर्धोक होतो. सर्किटसाठी पुढे डिस्क लागतातच. टायरबाबतही तसेच. जुन्या क्रॉस-प्लाय टायरच्या जागी रेडियल घातले की पकड इतकी वाढते की पुढच्या निलंबनाचे झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट यांचे दोष एकदम उघडे पडतात. मागच्या पाटा-स्प्रिंगची एखादी पट्टी काढून गाडी 'बसवण्याचा' प्रकार स्वस्त असला, तरी ब्रेक लावताना अॅक्सल पिळवटतो आणि मागची चाके उड्या मारू लागतात.

सर्किटसाठीच्या काही गोष्टी रस्त्यावर धोकादायक ठरतात, हे फारसे बोलले जात नाही. गाडीच्या आत बसवलेला लोखंडी 'रोल केज' हेल्मेट घातलेल्या आणि पट्ट्यांनी आसनाला जखडलेल्या चालकाचे रक्षण करतो. हेल्मेट न घातलेल्या माणसाचे डोके किरकोळ धडकेतही त्याच नळीवर आपटू शकते. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची तर केज नटबोल्टने बसणारा आणि एरवी काढून ठेवता येणारा हवा.

कायद्याची रेघ

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसी बुकातील तपशील निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या प्रकरणात ही बाब ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. 'प्रत्येक फेरफारामागे' हे शब्द महत्त्वाचे. आवाजाचा आणि धुराचा गुन्हा वेगळा. तेथे पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकते.

व्यवहारात याचा अर्थ असा. इंजिन बदलून, उदाहरणार्थ मारुती जिप्सीचे १,२९८ सीसीचे इंजिन फियाटमध्ये घालणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि घनफळ दोन्ही बदलतात आणि ही रेघ ओलांडली जाते. छत कापून उघडी गाडी करणे, आसनसंख्या कमी करणे हेही त्याच पंगतीतले. रंग बदलला तर नोंद करून घ्यावी लागते. जेट, इग्निशन, ब्रेक लायनर, शॉक अॅब्सॉर्बर यांना कुणी हरकत घेत नाही. या दोहोंच्या मधला पट्टा धूसर आहे आणि तिथे बरेच काही तपासणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेवर ठरते. या धूसरपणाबद्दल मालकांची तक्रार रास्त आहे. ड्रमच्या जागी डिस्क बसवून गाडी अधिक सुरक्षित करणाऱ्याला आणि सायलेन्सर कापून रात्री लोखंडवालात गोंधळ घालणाऱ्याला एकाच कलमाने मोजणे शहाणपणाचे नाही. विम्याचे कलम तर याहून कडक. कंपनीला न कळवलेला फेरफार अपघातानंतर दावा अडवायला पुरेसा होतो.

धूर तपासणीतही एक मेख आहे. दोन हजार सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना मंद गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. मिश्रण मुद्दाम दाट ठेवलेली, मोठ्या कॅमची गाडी ती सहज ओलांडते. नीट लावलेली मूळ फियाट त्यात बसते.

पन्नाशीचा दाखला

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपातली दुचाकी व मोटार त्यात बसते. चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नोंदणीला पाच हजार. आधी नोंद असलेल्या गाडीला आपला जुना तीन अक्षरी क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मोबदल्यात वापरावर बंधन येते. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोज कार्यालयात नेता येत नाही.

दुसरा मार्ग साध्या नूतनीकरणाचा. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजार करण्यात आली. या मार्गाने गाडी रोज वापरता येते, मात्र दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागते.

मुंबईच्या दृष्टीने हा प्रश्न आत्ताच का आला, तर तारखांमुळे. फियाट ११०० चे 'डिलाइट' मॉडेल १९६४ मध्ये आले. त्याआधीची ती 'डुक्कर फियाट' तर साठी ओलांडून गेली. 'पद्मिनी' हे नाव सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मिळाले. म्हणजे या नावाच्या पहिल्या गाड्या आत्ता पन्नाशी गाठत आहेत आणि दर वर्षी एक नवी तुकडी त्यात भर घालणार आहे. टॅक्सी म्हणून ही गाडी संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या खासगी मालकांच्या.

वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरच्या भागात या नियमाला आणखी एक पदर आहे. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. खाऱ्या हवेने दारांखालचे पट्टे, मागच्या स्प्रिंगची टोके आणि पुढच्या निलंबनाचे खांब कुजले, की गाडीचा कणाच कुजतो. तो भाग कापून नवा पत्रा जोडणे ही दुरुस्ती की बॉडीशेलमधील फेरफार? मूळ आकाराचाच, मूळ जाडीचाच पत्रा मूळ जागी लावला तर ती दुरुस्ती असल्याचे दाखवता येते. पण त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो तसेच डेंटिंगवाल्याची पावती जपून ठेवायला हवी. आपल्याकडे पावती हीच दुर्मीळ वस्तू असते.

त्या काळाचीच ट्यूनिंग

इतर देशांनी यावर काही वाटा काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गुणांची पद्धत होती. मूळ सांगाड्याला पाच गुण, निलंबन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनला फक्त एक. चौदापैकी आठ गुण राखले की गाडीची जुनी ओळख टिकत असे. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा तर तीस वर्षांवरील गाडी ऐतिहासिक मानते आणि गाडीच्या उमेदीच्या काळातच झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा भाग समजते. जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाचे जे नियम आहेत, त्यांतही कसोटी काळाचीच आहे. जो बदल त्या काळात त्या मॉडेलवर खरोखर झाला होता, तो पुराव्यानिशी चालतो. नंतरचा चालत नाही.

ही कसोटी फियाटला लावली, तर हौशी मालकासाठी बरीच मोकळी जागा उरते. खुद्द फियाटनेच १९५३ मध्ये ११०० ची 'टुरिस्मो व्हेलोचे' ही वेगवान आवृत्ती काढली होती. दोन घशांचा वेबर कार्बोरेटर आणि सुमारे पन्नास अश्वशक्ती, तेही त्याच १,०८९ सीसीतून. वेबर, फांद्या सुट्या असलेला एक्झॉस्ट, थोडे वाढवलेले कॉम्प्रेशन, मवाळ पण सुधारलेला कॅम. हा साचा कारखान्याने स्वतः घालून दिलेला आहे, रस्त्यावर चालवायला तो सुखाचा आहे आणि यातील बहुतेक भाग पाने लावून एका दिवसात काढता येतात. आपले व्हिंटेज नियम इतक्या बारकाव्यात जात नाहीत. त्यामुळे हा साचा पाळला म्हणून दाखला मिळेलच असे नाही. पण गाडी पुन्हा मूळ रूपात उभी करण्याची वाट खुली राहते. हेड जास्त घासले, पेटी कापली किंवा दुसरे इंजिन बसवण्यासाठी खांब तोडले की ती वाट बंद होते.

खऱ्या शर्यतीची हौस असेल, तर हिशेब वेगळा करावा लागतो. जुनी, प्रस्थापित सर्किट्स चेन्नई आणि कोइम्बतूरला आहेत. मुंबईहून चेन्नई सुमारे तेराशे किलोमीटर. स्पर्धेत उतरायला मोटारस्पोर्ट महासंघाचा परवाना, तपासणीत उत्तीर्ण झालेली गाडी, हेल्मेट आणि अग्निरोधक कपडे लागतात. इतका खटाटोप करणारे बहुधा दुसरीच, कुजकी पण स्वस्त पेटी शोधतात, ती फक्त सर्किटसाठी बांधतात आणि ट्रकवर टाकून नेतात. घरची गाडी घरी राहते.

घरच्या गाडीत वेबर बसवणाऱ्यांपैकी जे जुने जाणते आहेत, ते मूळ कार्बोरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर तेल लावून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, नावाची चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवतात. पन्नासावे वर्ष लागले की खोके खाली उतरते, मिस्त्री दोन दिवस येतो आणि गाडी आंबिवलीच्या रस्त्याला लागते. फोटोंचा गठ्ठा आणि पावत्या मागच्या सीटवर असतात.